नाकापेक्षा मोती जड

पग जातीच्या कुत्र्याचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला की वाटतं, हे गृहस्थ हयातीचा दाखला घेऊन ट्रेझरीत गेले असावेत आणि तिथल्या बाबूने त्यांना सांगितलं असावं की, आमच्या नोंदीप्रमाणे तुम्ही गेल्या नोव्हेंबरातच वारलात. कपाळाला आठ्या, डोळे बाहेर, तोंड काळवंडलेलं आणि एकंदर व्यवस्थेवरचा विश्वास उडालेला. प्रत्यक्षात त्याच्या मनात त्या वेळी एवढाच विचार चालू असतो, की तुमच्या हातातला पोळीचा तुकडा खाली पडणार आहे की नाही.

आमच्या घरी हे ध्यान मुलीने आणलं. कॉलेजात असताना आणलं, आणि नोकरी लागून पुण्याला गेली तेव्हा ठेवून गेली. नागपुरात आमच्या वयाच्या निम्म्या घरांत हीच परिस्थिती आहे. पोरं पुण्या-बंगळुरात आणि त्यांची कुत्री आईबापांच्या ताब्यात. मुलीने त्याचं नाव मोमो ठेवलं. माझी आई त्याला मोती म्हणते, कारण तिच्या आयुष्यात आले ते सगळे कुत्रे मोतीच होते आणि या वयात नवीन नाव पाठ करायला ती तयार नाही. तो दोन्ही नावांना ओ देत नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं की मात्र गॅलरीतून धावत येतो.

पगची आणि मराठी मध्यमवर्गाची गाठ पडली ती एका जाहिरातीमुळे. 2003 साली हच नावाच्या मोबाइल कंपनीने टीव्हीवर एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे जाणारा पग दाखवला. मुलगा जाईल तिथे कुत्रा. म्हणजे तुम्ही जाल तिथे आमचं नेटवर्क. नेटवर्क कुठवर आलं ते ज्याचं त्याला माहीत, पग मात्र घराघरांत पोचला. 2007 साली हचचं व्होडाफोन झालं तेव्हा कंपनीने नाव बदललं, रंग बदलला, कुत्रा तोच ठेवला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली, पण रस्त्यावर त्याची ओळख अजून तीच. आमच्या चौकातला चहावाला मोमोला पाहिलं की रोज विचारतो, "वकीलसाहेब, हा तो व्होडाफोनवाला ना जी? मग माझ्या फोनात रेंज काहून नाही येऊन राहिली?"

जाहिरात खोटी नव्हती. पग खरोखरच माणसामागे फिरतो. मी हॉलमधून बेडरूममध्ये गेलो की तो येतो, बेडरूममधून देवघरात गेलो की येतो, आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं की बाहेर बसून दाराखालच्या फटीला नाक लावतो. नाक म्हणजे, जे काही आहे ते. राखण वगैरे त्याच्याकडून होणे नाही. उद्या घरात चोर शिरला तर हा त्याच्या मागे खोलीखोलीतून फिरेल, जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे. शेकडो वर्षं या जातीने माणसाला सोबत करणं एवढंच एक काम केलं आहे. शिकार नाही, मेंढ्या नाहीत, राखण नाही. त्या एका कामात मात्र ती इतकी तरबेज आहे, की घरातलं माणूस उदास आहे हे बायकोच्या आधी मोमोला कळतं. तो येऊन पायावर बूड टेकतो आणि एक सुस्कारा सोडतो. तो सुस्कारा आपल्यासाठी असतो असा आपला समज.

जाहिरातीने दाखवलं नाही ते एवढंच, की हे मागे मागे येणं पंख्याखालचं असतं. मे महिन्यात नागपुरात तो मुलगा तेवढं चालला असता, तर दुसऱ्या वळणावर पग रस्त्यात बसला असता आणि पुढचं सगळं अंतर मुलाने त्याला कडेवर घेऊन काढलं असतं. जाहिरातीत कुत्रा माणसाच्या मागे असतो. घरात माणूस ओलं फडकं घेऊन कुत्र्याच्या मागे.

याचं कारण नाक. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना येतो तेवढाच. अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती धापा टाकून. ओल्या जिभेवरून आणि नाकातल्या ओल्या पडद्यांवरून हवा वेगाने जाते, पाणी उडतं, रक्त थंड होतं. लांब नाकाच्या कुत्र्याकडे या कामासाठी ऐसपैस जागा असते. पगच्या बाबतीत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून कवटी आखूड केली, पण आतला टाळू, जीभ आणि बेचाळीस दात यांना ते कुणी कळवलंच नाही. सगळं सामान पूर्वीचंच आणि खोली निम्मी. टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, नाकपुड्यांच्या जागी दोन चिरा असतात आणि दात मिळेल तिथे आडवे उभे राहतात. आपण ज्याला "किती गोड आवाज करतो नाही!" म्हणतो, तो त्या बिचाऱ्याचा श्वास असतो.

आमच्या गल्लीत शेरू नावाचा गावठी कुत्रा आहे. पारा पंचेचाळिसावर गेलेल्या दुपारी तो कुणाच्या तरी गाडीखाली, चार इंच लांब नाक जमिनीला टेकून, शांतपणे झोपलेला असतो. त्याच्यासाठी कुणी एक पैसा मोजलेला नाही. मोमोसाठी मुलीने माझे किती मोजले हे मला आजतागायत नीट सांगण्यात आलेलं नाही. नवतप्यात मोमो शेरूकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मी फक्त हायकोर्टातल्या सीनिअर कौन्सेलकडे बघतो.

उन्हाळ्याची सुरुवात आमच्याकडे होळीच्या आसपास कूलर उतरवण्याने होते. घास बदलायची, पंप बघायचा, टाकी घासायची, हे आमच्याकडे कुळाचारात मोडतं. पूर्वी कूलरसमोरची जागा वयानुसार ठरायची. आधी आई, मग मी. आता मोमो. तो कूलरच्या अगदी पुढे, चारी पाय पसरून, पोट फरशीला लावून पडतो आणि उरलेली हवा आम्ही वाटून घेतो. आईने एकदाच तक्रार केली. तिला डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हापासून तीच रात्री उठून टाकीत पाणी आहे का बघते.

डॉक्टर म्हणजे गुरांचे. आमचे डॉक्टर सकाळी गाई-म्हशी बघतात आणि संध्याकाळी मोमोचं वर्ग एकचं दुःख. त्यांनी एक गोष्ट मला सांगितली, ती मी पगवाल्या प्रत्येकाला सांगतो. मे महिन्याची सगळ्यांना भीती वाटते, पण कोरड्या हवेत कूलर झकास चालतो आणि कुत्र्याची धापही कामाला येते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट होते, जिभेवरचं पाणी उडत नाही, आणि मालक मात्र "आता काय, पाऊस पडला" म्हणून निर्धास्त असतो. तेव्हा पाऊस थांबलेल्या चिकचिकाटाच्या दुपारी पगला धावडवायचं नाही. जीभ गडद लाल किंवा निळसर दिसली, लाळ दाट झाली, चाल अडखळली, तर व्हिडिओ काढत बसायचं नाही. साध्या नळाच्या पाण्याने अंग भिजवायचं, पंख्यासमोर धरायचं आणि दवाखाना गाठायचा. फिरायला नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकून बघायची. आपल्याला धरवत नसेल तर त्याला पाय ठेववणार नाही. त्यामुळे उन्हाळ्यात मी पहाटे पाचला आणि रात्री दहाला रस्त्यावर वाकून डांबराला हात लावताना दिसतो. कॉलनीत दोन जणांनी मला वाकून नमस्कार केला आहे. त्यांना वाटलं, मी काहीतरी व्रत करतो.

पग मुळात उष्ण कटिबंधाचा नव्हेच. चीनच्या राजदरबारात तो वाढला, तिथून व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हॉलंडला गेला आणि तिथे त्याचं नशीब उघडलं. गोष्ट अशी सांगतात की 1572 साली स्पॅनिश सैन्याने ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याच्या छावणीवर रात्री छापा घातला, तेव्हा त्याच्या तंबूतल्या पॉम्पी नावाच्या पगने भुंकून, ओरबाडून धन्याला जागं केलं आणि राजपुत्र वाचला. याच श्रेयावर कूइकर नावाच्या दुसऱ्या एका डच जातीचाही हक्क सांगतात. म्हणजे साडेचारशे वर्षं हा दावा प्रलंबित आहे. आमच्या दिवाणी न्यायालयातल्या काही दाव्यांपेक्षा थोडाच जुना. काही असो, पग ऑरेंज घराण्याचा लाडका झाला, आणि 1688 साली त्याच घराण्यातला विल्यम इंग्लंडची गादी घ्यायला निघाला तेव्हा पगही सोबत गेले. पग अखेरीस संत्र्यांच्या नागपुरात येऊन पोचावा हे त्यामुळे मला रीतसर वाटतं. मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज."

जर्मनीत त्याहून मोठी गंमत झाली. 1738 साली पोपने कॅथलिकांना फ्रीमेसन होण्यास बंदी केली. तेव्हा ज्यांना गुप्त मंडळांची हौस होती त्यांनी पगच्या नावाने एक नवीन मंडळ काढलं. सभासद होणाऱ्याच्या गळ्यात पट्टा घालत, त्याला दारावर नखांनी ओरबाडून आत येण्याची परवानगी मागावी लागे, डोळ्यांवर पट्टी बांधून फिरवत आणि शेवटी निष्ठेची खूण म्हणून चिनी मातीच्या पगच्या शेपटीखाली मुका घ्यायला लावत. सरदार-उमराव, त्यांच्या बायका, सगळे यात होते. मला वकिलीची सनद मिळाली त्या समारंभाबद्दल मी पूर्वी थोडा नाराज होतो. आता नाही.

नेपोलियनच्या जोसेफिनचा पग फॉर्च्युन याने लग्नाच्या रात्री पलंग सोडला नाही आणि नेपोलियनच्या पोटरीला चावा घेतला, असं सांगतात. मोमोची या बाबतीतली भूमिका पाहता मला ते पटतं. युरोप जिंकणाऱ्याला जिथे पलंगाचा कोपरा मिळाला, तिथे मी उशी मागणं बरोबर दिसत नाही.

पण या सगळ्या इतिहासात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा एकच आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने 1745 साली स्वतःचं चित्र काढलं आणि त्यात आपल्या पगला पुढे बसवलं. कुत्र्याचं नाव ट्रम्प. (यावर मी काहीही बोलणार नाही.) हे चित्र जरूर बघा. त्या कुत्र्याला नाक आहे! नीट, पुढे आलेलं, श्वास घेता येईल असं नाक. पायही आजच्या पगपेक्षा लांब. म्हणजे चीनने किंवा देवाने पगचं नाक कापलेलं नाही. ते आपल्या हौशी, प्रदर्शनं भरवणाऱ्या, चषक वाटणाऱ्या माणसांनी पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत चपटं केलं, कारण गोल चेहरा, मोठे डोळे आणि बसकं नाक दिसलं की माणसाला तान्हं बाळ आठवतं आणि पाकीट उघडतं. गुन्ह्याचा हेतू, लाभार्थी आणि पुरावा, तिन्ही उपलब्ध आहेत. आरोपी पकडायला गेलं तर आपणच सापडतो.

2022 साली लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासून सांगितलं, की आरोग्याच्या दृष्टीने पगला आता चारचौघांसारखा कुत्रा म्हणता येत नाही. इतर कुत्र्यांच्या तुलनेत त्याला आजार होण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट. आणि ज्या हॉलंडने पगला राजघराण्यात नेलं, त्या हॉलंडने आता नियम केला आहे, की ज्याचं नाक डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून आखूड, त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. राजपुत्राला वाचवल्याचं हे बक्षीस म्हणावं, तर आहेही. आपल्याकडे मात्र पिल्लू विकणारा अजूनही सांगतो, "चेहरा एकदम फ्लॅट आहे सर, शो क्वालिटी." ज्याला पग घ्यायचाच आहे त्याने उलटं विचारावं. नाकपुड्या उघड्या आहेत का, पिल्लाचे आईबाप दहा मिनिटं चालून आल्यावर घरघरतात का, हे बघावं. आणि विकणारा आईबाप दाखवत नसेल तर जोडे घालावे आणि निघावं.

हे झालं मोठं राजकारण. आमच्याकडे रोज सकाळी चहानंतर जो कार्यक्रम होतो तो मुख्यतः सुरकुत्यांचा. पगच्या नाकावर एक जाड वळी असते. ती अंगठ्याने हळूच वर उचलली, की खाली एक ओलसर, गुलाबी, कधी उजेड न पाहिलेली घडी दिसते. तिथे अश्रू, लाळ, कालच्या दहीभाताचं एखादं शीत आणि धूळ यांचा मुरांबा झालेला असतो. वास विचारू नका. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने तो पुसायचा, आणि मग, हे लोक विसरतात, कोरड्या कापसाने घडी पूर्ण कोरडी करायची. ओली राहिली की तिथे बुरशी, मग खाज, मग दवाखाना. एवढं चालू असताना मोमो माझ्याकडे बघत नाही. तो भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे बघतो. आजोबाही त्याच्याकडेच बघत असतात. दोघांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल एकच मत असतं.

मग डोळे. ते खाचांत नीट बसलेले नसतात. चपट्या चेहऱ्यात खाचा उथळ असतात. गळ्यात पट्टा बांधून जोरात ओढलं किंवा मोठ्या कुत्र्याशी मारामारी झाली, तर डोळा अक्षरशः बाहेर येऊ शकतो. म्हणून गळपट्टा नाही, छातीवरून जाणारा हार्नेस. तोही त्याच्या अंगात घालणं म्हणजे कसब आहे, कारण पगला मान कुठे संपते आणि पोट कुठे सुरू होतं याची हद्द आखून दिलेली नाही. नखं झिजत नाहीत कारण चालणं नाही, ती कापावी लागतात. दात घासावे लागतात. कान पुसावे लागतात. पावसाळ्यात गोचीड शोधावे लागतात, बोटांच्या फटीत, कानाच्या पाळीत. एखादा राहिला तर त्यातून येणारा ताप कुत्र्याला आडवा करतो. मुलीला मी लहानपणी इतकं कधी तपासलं नव्हतं, असं बायको म्हणते. मुलगी स्वतः आंघोळ करायची, हे ती लक्षात घेत नाही.

केसांबद्दल मी तज्ज्ञाच्या अधिकाराने बोलू शकतो. आखूड केस म्हणजे झडणार नाहीत, असा जो समज आहे तो पगने खोटा ठरवला आहे. बदामी रंगाच्या पगला केसांचे दोन थर असतात आणि दोन्ही थर बारा महिने गळतात. माझा धंदा काळ्या कोटाचा. कोर्टात उभं राहून मी "माय लॉर्ड, माझ्या अशिलाचे हात स्वच्छ आहेत" असं म्हणतो तेव्हा माझ्या पाठीवर अर्धा मोमो असतो. विरुद्ध बाजूचा वकील एकदा युक्तिवाद थांबवून माझ्या खांद्यावरचा केस काढून देऊन परत बसला. निकाल आमच्या बाजूने लागला, पण तो दिवस त्याचाच होता.

घोरण्याचं काय सांगावं! रात्री मोमो घोरतो, मी घोरतो. बायको म्हणते, मोमोचं घोरणं एका लयीत असतं, माझ्यात मध्येच खंड पडतो आणि तेव्हा तिला जागं राहून वाट बघावी लागते. अधूनमधून मोमोला उलट्या शिंका येतात. म्हणजे मान ताणून, कोपर बाहेर काढून, हवा जोरजोरात आत ओढत तो असा काही आवाज करतो की पहिल्या वेळी आईने तुळशीपत्र आणि गंगाजल काढलं होतं. घसा हलक्या हाताने चोळला, क्षणभर नाकपुड्यांवर बोट ठेवलं, की तो गिळतो आणि थांबतो. लगेच स्वयंपाकघराकडे निघतो. गंगाजल त्याला मिळालं नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं, कारण ते चमच्यात होतं आणि चमच्यात जे असतं ते खाण्याचं, अशी त्याची धारणा आहे.

खाणं हा या जातीचा खरा धर्म. पगचं वजन साधारण सव्वासहा ते आठ किलो असावं. पोट भरल्याची सूचना त्याच्या मेंदूपर्यंत बहुधा पोचत नाही. आणि चरबी वाढली की आधीच अरुंद असलेला घसा आणखी आवळतो. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी मोमोला काट्यावर ठेवलं आणि काटा अकरावर गेला. म्हणजे आणला तेव्हा एकसदस्यीय पीठ होतं, त्याचं पूर्णपीठ झालं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय देता? बायको म्हणाली, "काही नाही हो, दोन वेळा मोजून." मी त्या वेळी गप्प बसलो आणि घरी येऊन चौकशी आयोग नेमला.

आई म्हणाली, "मी काय देणार? पोळीचा वरचा पापुद्रा. पापुद्र्यात काय असते?" बायको म्हणाली, साय, आणि तीही गाळणीला लागलेली. धुण्याभांड्याच्या मावशी म्हणाल्या, "चहासंगं एक बिस्कुट देते भाऊ, एकच. तो असा पायते ना, मग आपल्याले घास नाही उतरत." मावशींची मुलगी संत्राबर्फीचा कागद चाटायला देत असे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, ज्यांनी सोसायटीत कुत्र्याविरुद्ध अर्ज दिला होता, ते रोज संध्याकाळी त्याला चिवड्यातले दाणे भरवत असल्याचं निष्पन्न झालं. मग आईने शांतपणे विचारलं, "आणि सकाळी टोस्टाचं टोक कोण देते?" आयोगाचं कामकाज तिथे तहकूब झालं.

चौकशीत निघालेला बेदाण्यांचा प्रश्न मात्र खरा गंभीर होता. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. किती खाल्ल्याने किती होईल याचा भरवसा नसतो. कांदा-लसूणही वर्ज्य, कारण त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट वर्ज्य. कांद्याचं ठीक आहे, तो शिजलेल्या भाजीतून जाणार नाही एवढं बघता येतं. पण आई दर चतुर्थीला शिरा करते, त्यात बेदाणे असतात आणि प्रसाद घरातल्या प्रत्येक जिवाला द्यायचा असतो. "देवाचा प्रसाद कधी बाधत नाही," हे तिचं म्हणणं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजी, देवाला बाधत नाही. याला बाधतो." आईने खूप विचार केला. आता आमच्याकडे देवालाच बेदाण्यांशिवाय शिरा मिळतो. देवाने अजून तक्रार केलेली नाही; मी केली, ती नोंदवून घेतलेली नाही.

हेडमास्तरांच्या अर्जाचा निकाल सांगून टाकतो. सोसायटीच्या सभेत ठराव आला, की कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी. मी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना घेऊन गेलो होतो. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर अशी बंदी घालता येत नाही. फाइल केली होती, खुणांचे कागद लावले होते, घसा साफ केला होता. अध्यक्षांनी अर्जदाराला बोलायला सांगितलं. अर्जदाराच्या मांडीवर मोमो झोपला होता आणि त्याच्या घोरण्यामुळे अर्जदाराचं म्हणणं मागच्या रांगेत ऐकू जाईना. ठराव मागे घेतला गेला. माझी फाइल उघडलीच नाही, याचं मला अजून दुःख आहे.

सध्या घरात वेगळंच प्रकरण चालू आहे. मुलीने पुण्यात मोठा फ्लॅट घेतला आहे आणि तिला तिचा मोमो हवा आहे. मी हवा आहे असं ती म्हणाली नाही. विमानाचा विचार लगेच बाद झाला. बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सामानाच्या कप्प्यात घेतच नाहीत आणि घेतलं असतं तरी मी दिलं नसतं. कारने जावं तर चालकाशेजारचा एसीचा झोत त्याचा, मागची सीट त्याची, आणि समृद्धी महामार्गावर दुपारी टायर फुटला तर त्याला सावली कुठून आणायची. राहिली रेल्वे. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे पूर्ण आपल्या नावावर मिळाला तर कुत्रा सोबत नेता येतो. त्यासाठी रेबीजची लस टोचल्याचं प्रमाणपत्र, डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला, अर्ज, लगेजचं तिकीट. महिनाभर मी कोर्टातून सुटलो की स्टेशनवर. शेवटी कूपे मिळाला.

बायकोने तिकिटं टेबलावर मांडली. एक तिचं, एक आईचं. मोमो मध्ये. माझं वेगळं होतं, थर्ड एसी, वरचा बर्थ.

आई म्हणाली, "मला खालचा बर्थ पाहिजे बापा. अन्‌ हा रात्रभर घोरून राहिला तर मी याला थर्ड एसीत पाठवीन, अन्‌ तुला इकडे बोलावीन."

"त्याने काय फरक पडणार आहे?" बायको म्हणाली, आणि मोमोचं पांघरूण बॅगेत भरायला लागली.